20 इंची बिनगिअरची सायकल: सांगलीत सुट्टीतल्या सहलींना ती पुरते का?

वार्षिक परीक्षा संपली की सायकलच्या दुकानात हमखास एकच प्रश्न विचारला जातो: गिअरवाली घ्यायची की साधी? सात-आठ वर्षांचं मूल गिअरवालीकडे बोट दाखवतं, दुकानदार तीच पुढे सरकवतो आणि आईवडील किमतीची चिठ्ठी उलटून बघतात. सांगलीतल्या घरासाठी आमचं उत्तर सरळ आहे. साधी घ्या, शॉकर नसलेली घ्या, आणि वाचलेले पैसे फिटिंग, हेल्मेट आणि चांगल्या रिमवर घाला. साताऱ्यात राहत असाल तर उत्तर बदलतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

इथे आम्ही कुठलं एक मॉडेल तपासत नाही. पोलादी फ्रेम, 20 इंची चाकं, पुढे-मागे एकेकच दातेरी चाकी, दोन्हीकडे व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे), किंमत साधारण 5 ते 8 हजार, अशा सायकली बऱ्याच कंपन्या काढतात. रंग आणि स्टिकर सोडले तर आतला माल जवळपास सारखाच असतो, म्हणून गुण आणि खोड्याही सारख्याच.

आधी माप. वय विचारून सायकल देणारा दुकानदार अर्धीच माहिती घेतो. 20 इंची सायकल साधारण 115 ते 135 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बसते. मूल फ्रेमच्या वरच्या दांडीवर उभं राहिलं की दांडी आणि जांघ यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. सीटवर बसवल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. हात सुटला, तोल जमला की मग सीट थोडी थोडी वर घ्या: पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, ही योग्य उंची. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून 24 इंची घेतली तर मुलाला घाबरल्यावर पाय टेकता येत नाही, आणि ते सायकल घराबाहेर काढायचंच टाळतं. पैसे वाचवायला घेतलेली मोठी सायकल अशी जिन्याखाली पडून राहते.

मुलाला अजून तोल येत नसेल तर बाजूची छोटी चाकं लावून घेऊ नका. 15 नंबरच्या पान्याने दोन्ही पायडल काढून ठेवा, सीट पूर्ण खाली घ्या आणि रिकाम्या मैदानावर मुलाला पायाने ढकलत फिरू द्या. पाय उचलून दहा-पंधरा मीटर सरळ जाता आलं की पायडल परत बसवा. यात खर्च शून्य, आणि बाजूच्या चाकांनी लागलेली एका अंगाला कलण्याची सवय नंतर मोडावी लागत नाही.

आता गिअरचा मुद्दा. अशा सायकलीला बहुतेक वेळा पुढे 36 आणि मागे 18 दात असतात. घेताना मोजून बघा, खडूने एका दातावर खूण केली की अर्ध्या मिनिटाचं काम आहे. या जोडीत पायडलची एक फेरी म्हणजे मागच्या चाकाच्या दोन, आणि जाड टायर धरून सायकल साधारण 3.2 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर वेग ताशी साडेअकरा किलोमीटर भरतो. सपाटीवर, शेजारी आई किंवा बाबा असताना, सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढा वेग भरपूर झाला. मागे 16 दातांची फिरकी असेल तर सपाटीवर सायकल जरा जास्त पळते, पण पुलाचा चढ आणि समोरचा वारा लगेच जाणवतो. आम्ही 18 ची शिफारस करू.

ही आकडेमोड मोठ्यांनीही लक्षात ठेवावी. बाबांच्या जुन्या काळ्या सायकलीला 44 आणि 18 दात असतील तर तिची एक फेरी जवळजवळ साडेपाच मीटर नेते. म्हणजे आठ किलोमीटरच्या रपेटीत मोठं माणूस 1,500 च्या आत फेऱ्या मारतं आणि मूल तेवढ्याच रस्त्याला 2,500 मारतं. ‘एवढंसं तर अंतर, लगेच कसा दमलास?’ असं विचारण्याआधी हा हिशोब आठवावा. पोराचा स्टॅमिना कमी नसतो, त्याचं कामच जवळपास पावणेदोन पट असतं.

शॉकर आणि डिस्क ब्रेक यांबद्दल आमचं मत कडक आहे. या किमतीतला शॉकर म्हणजे नळीत घातलेली एक स्प्रिंग. तिला उसळी आवरणारी काही व्यवस्था नसते, त्यामुळे मूल उभं राहून पायडल मारायला लागलं की जोर खाली दबण्यात जातो. वजन किलोभराने वाढतं ते वेगळंच. साधी सायकलच 12-13 किलोची असते. 22 किलोच्या मुलाच्या हिशोबाने ते त्याच्या निम्म्या वजनाहून जास्त झालं, त्यात भर कशाला? डिस्कची चकती सायकल आडवी पडली की वाकते, मग दर फेरीला घासून आवाज करते, आणि तिचे पॅड गावातल्या दुकानात मिळतीलच असं नाही. व्ही-ब्रेकची रबरं कुठेही मिळतात आणि पाच मिनिटांत बदलता येतात.

रिम मात्र नीट बघून घ्या. खिशात फ्रिजवरचं छोटं चुंबक घेऊन जा आणि रिमला लावा. चिकटलं तर लोखंडी, घसरलं तर ॲल्युमिनियम. क्रोम केलेली लोखंडी रिम दिसायला चकचकीत असते, पण ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं सरकतं. वळवाच्या पावसात नेमकं हेच नडतं. ॲल्युमिनियमच्या रिमसाठी चार-पाचशे रुपये जास्त पडले तरी द्यावेत.

खरी गोची फिटिंगमध्ये आहे. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पायडल, सीट, ब्रेक एवढं दुकानात बसवतात, आणि सुट्टीच्या गर्दीत ते घाईने होतं. सायकल ताब्यात घेण्याआधी तिथेच उभं राहून तपासा. पहिल्यांदा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, बघा. चिमट्याचे पाय पुढे वळलेले हवेत आणि पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या अंगाला. चिमटा उलटा बसवलेला असेल तर ब्रेक फ्रेमच्या बाजूला जातो आणि वळताना मुलाचा बूट चाकाला लागतो. ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते, कारण उलट्या चिमट्याचीही सायकल चालते, आणि चालते म्हणून कुणी बघत नाही. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. हँडल एकटंच फिरलं तर वरचा बोल्ट ढिला आहे. हँडलच्या आणि सीटच्या नळीवर ‘किमान आत’ची रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसता कामा नये.

पुढचं चाक उचलून हलकेच फिरवा. मोकळं चाक थांबता थांबता थोडं मागे-पुढे झुलतं आणि जड बाजू, बहुतेक वेळा व्हॉल्व्हची, खाली येऊन स्थिर होते. मध्येच अडकल्यासारखं थांबलं तर कोन, म्हणजे चाकाच्या मधल्या हबमधले छर्रे धरणारा नट, जास्त आवळलेला आहे, आणि रिम धरून हलवल्यावर खटखट झालं तर ढिला. या किमतीच्या सायकलीत हबमधले छर्रे कधी कधी जवळजवळ कोरडेच येतात. ओळखीच्या मिस्त्रीकडून दोन्ही हब उघडून ग्रीस भरून घ्या. या अर्ध्या तासाच्या मजुरीने सायकलीत जो फरक पडतो तो सात गिअर लावून पडत नाही. त्याच वेळी चाकाचा आउट काढून घ्या: रिम ब्रेकच्या रबराजवळून फिरताना डावी-उजवी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये.

पायडलचा घोळ वेगळाच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ‘एल’ आणि ‘आर’ अशी अक्षरं दांड्याच्या टोकावर असतात, ती न बघता पान्याने जोर लावला तर क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांडीचे) आटे खरवडले जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. पायडल सुरुवातीचे तीन-चार आटे बोटांनीच फिरले पाहिजे, पाना नंतर. डाव्या क्रँकचा नट पहिल्या 40-50 किलोमीटरमध्ये सैल होतो. तेव्हा तो पुन्हा आवळा. सैल क्रँकने चालवत राहिलं तर आतलं चौकोनी भोक गोल व्हायला लागतं, आणि मग कितीही आवळला तरी क्रँक हलतोच.

ब्रेकसाठी मुलाचा हात घेऊन बघा. दोन बोटं लिव्हरवर सहज पोचली पाहिजेत. नाही पोचली तर लिव्हरच्या बुडाशी छोटा स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर हँडलजवळ येते. पूर्ण दाबल्यावरही लिव्हर आणि ग्रिप यांच्यात बोटभर अंतर उरावं. रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर पुरे. ग्रिपची टोकं बंद असावीत. फाटून नळी उघडी पडली असेल तर ग्रिप लगेच बदला, कारण पडताना तीच उघडी नळी पोटात घुसते. चेन मध्यभागी वर-खाली साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असेल तर खड्ड्यात पडते, आणि ताणलेली असेल तर घरघर आवाज करून पाय जड करते.

टायरमध्ये हवा किती, ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, बहुतेक 30 ते 40 पीएसआय. पेट्रोल पंपावर भरू नका. छोटी ट्यूब त्या जोराला दोन सेकंदांत फुटते. हातपंप घरात ठेवा आणि दर सहलीच्या आदल्या संध्याकाळी हवा बघा. कमी हवेवर खड्डा बसला की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा किंवा सराटा, आपल्याकडे शेताकडेच्या रस्त्यांवर यांना तोटा नाही. कुठेच भोक नाही आणि तरी रात्रीतून हवा उतरते? जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असेल तर त्यावरची रबराची नळी बघा. उन्हाने ती सुकून चिरते. सुटी नळी काही रुपयांत मिळते, दोन इंचाचा तुकडा पंक्चरच्या डबीत कायम असावा.

रस्त्यात पंक्चर झालं तर मागचं चाक काढायची गरज नाही. सायकल उलटी करा, उरलेली हवा सोडा, दोन टायर लिव्हरने टायरची एक कड बाहेर घ्या आणि ट्यूब तेवढीच ओढून काढा. थोडी हवा भरून ती ओठांजवळ धरली की गळती लागते. मग हवा सोडून भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि तो सुकू द्या. चांगली चार-पाच मिनिटं. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच घरी पोचेपर्यंत सुटतो. सगळ्यात महत्त्वाचं: ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक रबरात रुतून बसलेलं असतं, ते काढलं नाही तर पुढच्या किलोमीटरला दुसरं पंक्चर. वाट बघण्याची ती चार मिनिटं आणि काटा शोधणं ही कामं मुलांकडे सोपवा, ती मनापासून करतात.

आता ही सायकल कुठवर नेते ते. सांगलीतून पहिली सहल हरिपूरची. गणपती मंदिरापासून कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाऊन येऊन साधारण सात-आठ किलोमीटर, रस्ता जवळपास सपाट, आणि शेवटी संगमेश्वराच्या देवळाची सावली आणि नदी. पहिल्यांदा जाताना अर्ध्या वाटेवर दहा मिनिटं थांबा, मूल थांबायचं म्हणत नसलं तरी. नदीच्या पात्रात मात्र मुलांना उतरू देऊ नका, संगमाजवळ पाण्याचा अंदाज येत नाही. आठ किलोमीटर रडारड न होता दोनदा झाले की बारा-पंधराचा विचार करा. नृसिंहवाडी किंवा औदुंबर एका दिवसात जाऊन-येऊन हे 20 इंची सायकलीचं काम नाही. जाताना सायकल आणि परतताना टेम्पो असं आधी ठरलं असेल तरच, तेही दहाच्या पुढच्या मुलांसाठी. सांगली-मिरज मुख्य रस्ता मुलांसोबत टाळाच, वाहनं फार आहेत. दंडोबा आणि सागरेश्वरच्या चढांवर ही सायकल ढकलावी लागते.

उन्हाळ्यात निघायची वेळ सहा. मे महिन्यात तेव्हाच उजाडलेलं असतं, आणि साडेआठपर्यंत घरी परत. एका मुलामागे तासाला अर्धा लिटर पाणी धरा, एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर घाला. खिशात मूठभर बेदाणे द्या. तासगावच्या बेदाण्यासारखा स्वस्त आणि न सांडणारा खाऊ दुसरा नाही. भडंग पोचल्यावर खायचं, वाटेत नाही; तिखट-मीठाने तहान वाढते आणि पाणी आधीच संपतं.

दिवाळीच्या सुट्टीत हवा गार असते पण रस्त्यावर ऊस असतो. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या येतात. मुलांची चूक इथे ठरलेली आहे: ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली गेली की ती रस्त्यावर परत येतात, आणि दुसरी ट्रॉली अजून बाजूने जात असते. ट्रॅक्टरचा आवाज आला की सायकल डाव्या कडेला उतरवून पाय टेकायचा आणि मोठ्यांनी ‘चल’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही, असा नियम घरीच पाठ करून घ्या. चालवताना मूल पुढे, मोठं माणूस त्याच्या मागे आणि किंचित उजवीकडे. मागून येणाऱ्या गाडीला आधी मोठी सायकल दिसते.

पावसाबद्दल दोन गोष्टी. वळीव पडून गेल्यावर शेतरस्त्यावर जाऊ नका. काळी माती टायरला थरावर थर चिकटते, मडगार्ड आणि टायर यांच्यातली बोटभर फट पन्नास पावलांत भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. जोराने पायडल मारलं तर चेन तरी पडते नाहीतर मडगार्डची तार वाकते. काडीने माती काढा आणि डांबरीपर्यंत उचलून न्या. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत असेल तर नदीकाठची सहल त्या आठवड्यापुरती विसरा.

धाकटं भावंड मोठ्यांच्या कॅरिअरवर येणार असेल तर तिथे पैसे वाचवू नका. कॅरिअरवर उशी बांधून बसवलेल्या मुलाची टाच आऱ्यांत जाते. सायकलीवरची लहान मुलांची ही अगदी नेहमीची इजा आहे, आणि ती बरी व्हायला आठवडे लागतात. पाठीला टेकू, पट्टा, पावलांसाठी खोलगट पाळणा आणि चाकाच्या बाजूला भिंत असलेलीच सीट घ्या. 22 किलोपर्यंतच्या मुलासाठी असं त्यावर लिहिलेलं असतं, पण तुमचं कॅरिअर तेवढं पेलतं का तेही बघा. लेडीज सायकलचं साडी गार्ड दोन्ही बाजूंनी लावून घेतलं तर आणखी चांगलं. चढवता-उतरवताना साइड स्टँडवर भरवसा नको, एकाने सायकल धरायचीच.

हेल्मेट प्रत्येकाला. भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा ‘व्ही’ कानाखाली मिळालेला, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढाच सैल. डोक्याचा घेर टेपने मोजून घ्या, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, आतला फोम दबलेला असतो.

सातारकरांसाठी वेगळं. यवतेश्वर घाटातून कासकडे जायचा विचार या सायकलीवर करू नका. सातारा सुमारे 700 मीटरवर, कास 1,200 च्या आसपास. 36-18 च्या जोडीवर मूल पहिल्याच वळणात उतरतं, आणि परतीच्या उतारावर छोट्या हातांनी इतका वेळ ब्रेक दाबून धरणं त्याहून धोक्याचं. जवळची सहल म्हणजे संगम माहुली, पण तिथेही महामार्ग ओलांडावा लागतो आणि जाताना उतार, येताना चढ. हरिपूरसारखा सपाट रस्ता नाही: मूल हसत जातं आणि परतीला थकतं. साताऱ्यात मूल 130 सेंटिमीटरच्या पुढे असेल तर 24 इंची, मागे सहा-सात गिअर असलेली, पण शॉकर नसलेली सायकल घ्यावी. त्याहून लहान असेल तर हीच 20 इंची घ्या, मागे 20 दातांची फिरकी बसवून घ्या आणि चढाला उतरून ढकलायचं हे आधीच सांगून ठेवा.

जुनी मिळाली तर नव्याच्या निम्म्या किमतीच्या आत मिळायला हवी. हँडलखालच्या वेल्डिंगजवळ रंगाला केसासारखी चीर आहे का, चिमटा मागे दबलाय का आणि सीटची नळी गंजून अडकलीय का, हे तीन बघा. पहिल्या दोन्हींपैकी काही दिसलं तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. सीट अडकलेली असेल तर सांध्यात तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी पिळून बघा. आणि जून उजाडून शाळा सुरू झाली की सायकल अंगणात पावसात ठेवू नका: चेनला तेल, टायरमध्ये पूर्ण हवा, आणि जागा असेल तर पुढचं चाक खुंटीला टांगून. हवा नसलेलं टायर चार महिने जमिनीवर दबून राहिलं की दिवाळीला बाहेर काढताना बाजूने चिरलेलं असतं.